करीम दीन यांनी मागे ठेवलेलं नाव

'हीरो' सायकल महाराष्ट्रात दूधवाल्याच्या दारापासून शाळेच्या सायकल-स्टँडपर्यंत सगळीकडे होती. पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यावर ते नाव आपण हजारदा वाचलं, पण ते आलं कुठून हा प्रश्न सहसा कुणाला पडला नाही. सिनेमातला हीरो असेल, असं धरून सगळे पुढे गेले. प्रत्यक्षात ते एका मुसलमान कारागिराच्या मालाचं नाव होतं. करीम दीन हे पंजाबात सायकलींची सीटं बनवायचे आणि ती 'हीरो' या नावानं विकायचे. फाळणीच्या दिवसांत ते पाकिस्तानात निघाले, तेव्हा त्यांचे मित्र ओमप्रकाश मुंजाल यांनी त्यांना विचारलं, हे नाव आम्ही वापरलं तर चालेल का? करीम दीन हो म्हणाले. सुनील कांत मुंजाल यांनी 2020 मध्ये आपल्या घराण्याचा आणि उद्योगाचा इतिहास लिहिला, त्यात हा प्रसंग आहे.

उद्योगांच्या इतिहासात असे प्रसंग चवीपुरते येतात. एक परिच्छेद, मग पुढे परवाने, कारखाने, विक्रम. मला हा प्रसंग चवीपुरता वाटत नाही. लुधियानात लोखंडी नळ्या वाकवून आणि जोडून जगातली सर्वात मोठी सायकल कंपनी कशी उभी राहिली, हे समजून घ्यायचं तर 1947 मध्ये पंजाबात कोण आलं, कोण गेलं आणि कोण काय मागे ठेवून गेलं, तिथूनच सुरुवात करावी लागते.

मुंजाल कुटुंब मूळचं कमालियाचं. आज हे गाव पाकिस्तानच्या टोबा टेकसिंग जिल्ह्यात आहे. मंटोच्या कथेमुळे त्या जिल्ह्याचं नाव तरी आपल्याला ठाऊक असतं. वडील बहादूरचंद धान्याचे व्यापारी. दयानंद, सत्यानंद, ब्रिजमोहनलाल आणि ओमप्रकाश हे चार भाऊ. 1944 मध्ये, म्हणजे फाळणीच्या आधीच, भावांनी अमृतसरला सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार सुरू केला आणि पुढे बस्तान लुधियानाला हलवलं. म्हणून त्यांना सरसकट 'निर्वासित उद्योजक' म्हणणं तितकंसं बरोबर नाही. दुकान सीमेच्या अलीकडे आधीच होतं. तुटलं ते घर.

त्या काळात भारतातली सायकल म्हणजे मुख्यतः विलायती सायकल. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स, हंबर. दुसऱ्या महायुद्धात बोटी बंद झाल्या आणि सुट्या भागांचा दुष्काळ पडला. पंजाबातल्या लोहारांनी आणि छोट्या कारखानदारांनी विलायती भाग समोर ठेवून त्याची नक्कल करायला सुरुवात केली. सीट, पेडल, कॅरियर, स्टँड, घंटी. या कामात हिंदू, शीख, मुसलमान सगळे होते. एक जण कातडं ताणून सीट बनवायचा, दुसरा पत्रा ठोकून मडगार्ड, तिसरा ते भाग गोळा करून गावोगावच्या दुकानांना पाठवायचा. करीम दीन आणि मुंजाल यांचं नातं असल्याच साखळीतलं होतं.

1947 नं ही साखळी तोडली. निघून गेलेल्यांच्या मालमत्तेचा हिशेब सरकारनं ठेवला. कस्टोडियनचं खातं आलं, 1950 मध्ये निष्क्रांत मालमत्तेचा कायदा झाला. घरं, दुकानं, जमिनी, यंत्रं यांच्या याद्या झाल्या आणि इकडे आलेल्यांमध्ये त्या मालमत्तेचं वाटप झालं. कारागिराचा हुन्नर आणि त्याच्या मालाचं बाजारातलं नाव यांना मात्र त्या यादीत रकाना नव्हता. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. सियालकोटचे हिंदू कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि क्रीडासाहित्याचा धंदा तिथे वसला. बटाल्याचे सी. एम. लतीफ यांनी 1932 मध्ये 'बेको' ही इंजिनिअरिंग कंपनी काढली होती. 1947 मध्ये ते लाहोरला गेले आणि तिथे त्याच नावानं पुन्हा कारखाना उभा केला. लेथ, डिझेल इंजिनं आणि हो, सायकलीसुद्धा. लतीफ आपलं नाव सोबत घेऊन गेले. करीम दीन ते ठेवून गेले. मैत्रीखातर, की तिकडे नव्यानं सुरुवात करायची म्हणून, यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. मागितलं आणि दिलं, एवढा व्यवहार झाला, आणि तोही अशा महिन्यांत जेव्हा त्याच पंजाबात माणसं एकमेकांचा जीव घेत होती.

आता नळीकडे येऊ.

मुंजाल बंधू मुळात व्यापारी. कारखानदारीत ते 1954 मध्ये उतरले आणि सुरुवात केली हँडल, पुढचा चिमटा आणि चेन यांच्यापासून. यातले पहिले दोन भाग म्हणजे शुद्ध नळीकाम. सायकल म्हटलं की आपण चाकांचा विचार करतो, पण कारखानदाराच्या नजरेनं सायकल हा वाकवलेल्या आणि जोडलेल्या नळ्यांचा सांगाडा आहे. ज्या दांड्यावर आपण लहान भावंडाला बसवून नेलं ती एक नळी, सीटखालची एक, पेडलकडे उतरणारी एक. यांच्या त्रिकोणातून पाय घालून 'हाफ पायडल' मारतच आपल्या पिढ्या सायकल शिकल्या.

नळी वाकवणं वरून सोपं दिसतं. पातळ भिंतीची पोकळ नळी वाकवली की बाहेरच्या बाजूचं लोखंड ताणलं जातं आणि आतल्या बाजूचं आकसतं. बाहेरची भिंत पातळ होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि मधला गोल चेपून अंडाकृती होतो. म्हणून जुने कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून भरत, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारत, भट्टीत लाल करत आणि मग साच्याभोवती ओढत. वाळूत ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. कारखान्यात वाळूची जागा मँड्रेलनं घेतली, म्हणजे बाकाच्या ठिकाणी नळीला आतून आधार देणारा पोलादी दांडा. तरी एक अडचण उरतेच. दाब काढला की नळी थोडी परत उघडते. म्हणून हव्या त्या कोनाच्या थोडं पुढे न्यावं लागतं, आणि किती पुढे, ते लोखंडाच्या प्रत्येक खेपेबरोबर बदलतं. इथे पुस्तकापेक्षा हात लागतो.

हँडलचे दोन्ही बाक सारखे नसले तर ते निदान डोळ्याला दिसतं. चिमट्याचं तसं नाही. त्याचे दोन पाय खाली निमुळते करत पुढे बाक द्यायचा, आणि दोन्ही बाक तंतोतंत जुळले पाहिजेत, नाहीतर सायकल एका बाजूला ओढते. खड्ड्याचा पहिला मार चिमट्यालाच बसतो. तो तुटला तर बसणारा तोंडावर आपटतो. फ्रेमच्या सांध्यांचंही तेच. नळीचं टोक माशाच्या तोंडासारखं कापायचं, सॉकेटमध्ये बसवायचं आणि सुमारे 900 अंशांवर पितळ वितळवून ते फटीत जिरवायचं. आच कमी पडली तर पितळ आत शिरत नाही, जास्त झाली तर सांध्याजवळचं लोखंड कमकुवत होतं. बाहेरून दोन्ही सांधे सारखेच दिसतात. वरून काळा रंग चढला की कळायला मार्गच नाही.

हे काम लुधियानात जमलं याचं मोठं श्रेय रामगढिया कारागिरांना जातं. सुतारकी आणि लोहारकी करणारा हा शीख समाज. यंत्र उघडून बघायचं आणि तसंच दुसरं घडवायचं, ही त्यांची ख्याती. विलायती कंपनीशी करार नाही, परदेशी इंजिनिअर नाही, अशा स्थितीत मुंजालांनी या हातांवर विश्वास टाकला. मला हा निर्णय परवाना मिळण्यापेक्षाही मोठा वाटतो.

परवाना 1956 मध्ये आला. पंजाब सरकारनं लुधियानात सायकली बनवण्यासाठी बारा नवे परवाने काढले, त्यातला एक मुंजालांना मिळाला. सरकारकडून सहा लाख रुपयांचं साहाय्य आणि वर्षाला 7,500 सायकलींची मंजूर क्षमता. पहिल्या वर्षी सायकली झाल्या 639. म्हणजे दिवसाला दोनही नाहीत.

समोर कोण होतं ते बघा. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराणं आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांची टीआय सायकल्स. 1949 मध्ये ही कंपनी निघाली आणि 1955 मध्ये तिच्या जोडीला आवडीला ट्यूब प्रॉडक्ट्स हा खास नळ्यांचाच कारखाना आला. आसनसोलला सेन-रॅले, म्हणजे प्रत्यक्ष नॉटिंगहॅमच्या रॅलेचं तंत्रज्ञान. सोनीपतला ॲटलस. आणि आपल्या मुंबईत, वरळीला, बिर्लांची हिंद सायकल्स, जी महायुद्धाच्या सुमारासच सुरू झालेली होती. भांडवल, बंदर, बाजार, तंत्रज्ञान, सगळं या मंडळींकडे. लुधियानाजवळ ना लोहखनिज, ना कोळसा, ना बंदर.

मग लुधियाना जिंकलं कसं? नेहमीचं उत्तर 'पंजाबी माणसाची जिद्द'. जिद्द होतीच, पण जिद्द आसनसोलच्या कामगारातही होती. मला दोन कारणं जास्त वजनदार वाटतात.

पहिलं दिल्लीत ठरलं. 1950 च्या दशकात केंद्र सरकारनं पोलादाच्या वाहतुकीचा खर्च देशभर समान केला. जमशेदपूरच्या शेजारी पोलाद ज्या भावात मिळायचं, साधारण त्याच भावात ते लुधियानाला मिळू लागलं. बंगाल, बिहार आणि ओडिशाचा खाणींशेजारी असण्याचा फायदा एका धोरणानं पुसला गेला. हे धोरण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. सेन-रॅलेच्या उशाला बर्नपूरचा पोलाद कारखाना होता, पण त्याचा तिला उपयोग नव्हता. पंजाबच्या, आणि खरं तर महाराष्ट्राच्याही, कारखानदारीच्या यशकथा सांगताना या अनुदानाचा उल्लेख आपण हमखास विसरतो.

दुसरं कारण लुधियानाच्या गल्ल्यांमध्ये होतं. सायकलचे अनेक भाग सरकारनं लघुउद्योगांसाठी राखून ठेवले. ज्यांनी सगळं एकाच छताखाली बनवायची विलायती पद्धत उचलली होती त्यांना हे जड गेलं. मुंजाल मुळातच सुट्या भागांचे व्यापारी. पेडल कोण चांगलं बनवतो, कुणाला पैसे वेळेवर दिले की तो रात्रीत माल देतो, हे त्यांना तोंडपाठ. फ्रेम, चिमटा, हँडल, रिम यांसारखं नळीचं आणि पत्र्याचं मुख्य काम स्वतःकडे, आणि बाकीचे भाग शहरातल्या शेकडो छोट्या कारखान्यांकडून. भाग सकाळी यायचे, दिवसभरात सायकलीला लागायचे, गोदामात साठा जवळपास नाही. जपानमधल्या टोयोटाच्या पद्धतीचं नाव आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत पोहोचण्याआधी लुधियानात हे चालू होतं. कारण साधं होतं. साठ्यात अडकवायला पैसाच नव्हता.

जिथे बाहेरचा माल पुरेसा भरवशाचा नव्हता तिथे कुटुंबानं स्वतःच्या कंपन्या काढल्या. 1960 मध्ये चेन आणि हबसाठी रॉकमन, 1971 मध्ये फ्रीव्हीलसाठी हायवे सायकल्स. 1950-51 मध्ये देशात वर्षाला सुमारे एक लाख सायकली बनत होत्या, 1960-61 मध्ये दहा लाखांच्या वर. या वाढीत सर्वात मोठा वाटा घेत 1975 पर्यंत हीरो देशातली सर्वात मोठी सायकल कंपनी झाली आणि 1986 मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वात मोठी म्हणून तिची नोंद झाली.

आणि वरळी? हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही आजारी पडल्या. सरकारनं आधी त्यांचं व्यवस्थापन घेतलं आणि 1980 मध्ये एकाच कायद्यानं दोघींचं राष्ट्रीयीकरण केलं. मुंबईची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन, आसनसोलची सायकल कॉर्पोरेशन. सरकारी पाट्या लागल्या, तोटा तसाच राहिला आणि शेवटी दोन्ही बंद पडल्या. गिरणगावाच्या अंताबद्दल मराठीत खूप लिहिलं गेलं, लिहायलाच हवं होतं. त्याच वरळीत सायकलींचा कारखाना होता आणि तोही गेला, याची आठवण काढणारं मला क्वचितच कुणी भेटलं.

हीरोची सायकल स्वस्त होती आणि त्या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजली, हेही लिहायला हवं. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेले कामगार लुधियानात आजही भेटतात. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, छोट्या युनिटांमधले, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या हजेरीपटावर नसलेले. सुटे भाग बाहेरून घेतले की जोखीमही बाहेर जाते. कंपनीच्या गौरवग्रंथांत या बोटांना जागा नसते.

करीम दीन यांच्यासारखे कारागीर गेल्यावर पूर्व पंजाबात मुसलमान हुन्नर संपला, असं मात्र झालं नाही. लुधियानापासून पन्नासेक किलोमीटरवर मलेरकोटला आहे. 1705 च्या सुमारास गुरू गोविंदसिंगांच्या दोन लहान मुलांना भिंतीत चिणण्याचा हुकूम झाला, तेव्हा इथल्या नवाब शेर मुहम्मद खान यांनी विरोध केला, ही आठवण शिखांनी जपली. 1947 मध्ये आसपास आगी लागलेल्या असताना मलेरकोटला शांत राहिलं आणि तिथले मुसलमान तिथेच राहिले. आज सायकलचे आणि शिलाई यंत्रांचे भाग हा त्या गावाचा मोठा धंदा आहे. लुधियानाच्या सायकलमध्ये मलेरकोटलाचा भाग लागतो. हे सौहार्दाचं प्रदर्शन म्हणून कुणी ठरवून केलेलं नाही. भाव आणि माल पटला म्हणून होतं.

सीमेपलीकडे लाहोरात भारतातून गेलेल्या सायकल-व्यापाऱ्यांनी 1950 च्या दशकात सहकारी संस्था काढून 'सोहराब' सायकल बनवायला घेतली. आपल्याला सहकारी साखर कारखाना ओळखीचा, तिकडे सहकारी सायकल कारखाना. पाकिस्तानातल्या गावागावांत तीच काळी, उंच, दांड्याची सायकल सोहराब नावानं फिरली. लतीफ यांच्या बेकोचं मात्र 1972 मध्ये भुट्टो सरकारनं राष्ट्रीयीकरण केलं आणि उभारलेला कारखाना त्यांच्या हातून गेला. वरळी, आसनसोल, लाहोर. सायकल बनवता येणं आणि कारखाना टिकवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिन्ही ठिकाणी एकाच दशकाच्या आसपास दिसलं.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतही सायकल दुरुस्ती, वेल्डिंग, ग्रिल-गेट, मोटार गॅरेज ही दुकानं बघा. पाटीवर 'भारत', 'स्टार', 'न्यू महाराष्ट्र', आत शेख, पठाण, मुल्ला, मणियार. शिक्षण आणि नोकऱ्यांचे दरवाजे अरुंद असले की समाज हाताच्या कामाकडे वळतो. मुस्लिम समाजाच्या मागासलेपणाच्या चर्चेत या कामाकडे फक्त गरिबीचा पुरावा म्हणून पाहिलं जातं. ते गरिबीचं लक्षण आहेच, पण ती विद्याही आहे. नळी किती अंश पुढे न्यायची हे ज्याला हातानं कळतं तो अशिक्षित नाही. लुधियानाच्या रामगढियांना परवाना, भांडवल आणि बाजार यांची साथ मिळाली म्हणून त्यांच्या हातातून उद्योग उभा राहिला. आपल्या गल्लीतल्या वेल्डरच्या हाताला यातलं काय मिळालं, हा प्रश्न मला हीरोच्या इतिहासातून घ्यावासा वाटतो.

1984 मध्ये मुंजालांनी जपानच्या होंडाशी करार करून मोटरसायकलच्या धंद्यात पाय ठेवला. त्याच काळात होंडानं स्कूटरसाठी पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकशी हातमिळवणी केली होती. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 रस्त्यावर आली आणि पुढचा इतिहास घरोघरी माहीत आहे. 1999 मध्ये रॅलेनं नॉटिंगहॅममध्ये मोठ्या प्रमाणावर फ्रेमा बनवणं थांबवलं. ज्या देशाच्या नळ्या समोर ठेवून पंजाबनं नक्कल केली, तिथली अव्होसेट स्पोर्ट्स ही सायकल कंपनी हीरोनं 2015 मध्ये विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओमप्रकाश गेले आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिजमोहनलाल.

त्याआधी 2010 मध्ये कुटुंबाची वाटणी झाली होती. सायकल ओमप्रकाश यांच्या शाखेकडे, मोटरसायकल ब्रिजमोहनलाल यांच्या शाखेकडे, बाकीचे उद्योग इतरांकडे. नाव मात्र सगळ्यांनाच हवं होतं. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यावर त्यांच्यावर 'हीरो' कुणी लिहायचं, यावरून 2022 मध्ये घराण्याच्या दोन शाखा लवादापुढे आणि दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. एव्हाना त्या चार इंग्रजी अक्षरांची किंमत अनेक कारखान्यांपेक्षा जास्त होती. लवादानं हीरो मोटोकॉर्पला नाव वापरायची मुभा दिली आणि कंपनीची विजेवरची स्कूटर त्या वर्षी 'विडा' या नावानं बाजारात आली, सोबत 'पॉवर्ड बाय हीरो' असं लिहून.